तिसरी हाक

पापनाशम रस्त्यावरचे छत्र,
आषाढ शुद्ध चतुर्थी, १९३५

चिदंबरा,

तू निघालास त्या सकाळी मी पूजा अर्धी टाकून रस्त्यावर आलो होतो. गंध उगाळून झाले होते, हात ओलेच होते. तुझी गाडी चिंचेच्या झाडापाशी पोचली होती. मला तुझे नाव घेऊन हाक मारायची होती. ते तोंडातून निघाले नाही. या रस्त्यावर उभा राहून मी जन्मभर एकच हाक मारत आलो, तीच निघाली: "जेवायचे कोणी राहिले आहे का? या!"

तू कमलाक्षीला लिहिलेले पत्र तिने मला वाचून दाखवले. मध्ये एका ठिकाणी ती अडखळली आणि पुढे गेली. तुझ्या अक्काला खोटे वाचता येत नाही. मी म्हणालो, "राहिलेलंही वाच." तेव्हा तिने वाचले: 'अप्पांनी मला वाटसरूला मारतात तशी हाक मारली, मी आता घरचा नाही हे साऱ्या रस्त्याला सांगितले.'

तसे नव्हते, बाळा. तुला माहीत आहे तेच पुन्हा लिहितो, कारण जे रोज ऐकतो त्याकडे आपले लक्ष नसते. इथले मराठ्यांचे राज्य खालसा झाल्यावर ज्या बाईसाहेबांनी हे अन्नछत्र बांधले, त्यांनी ही रीत घालून दिली. दुपारची पंगत उठली की भांडी झाकण्याआधी कारभाऱ्याने रस्त्यावर जायचे आणि तीन हाका मारायच्या. दोन तमिळमध्ये, तिसरी मराठीत. मग थोडे थांबायचे. कोणी आले तर त्याला वाढायचे आणि मगच आपण पानावर बसायचे. पहिल्या दोन हाका ऐकून माणसे येतात. तिसरी ऐकून आलेले कोणी मी पाहिलेले नाही. मराठी बोलणारा वाटसरू आता या रस्त्याने चालत जात नाही. तरी वडील मारत म्हणून मीही मारतो.

त्या सकाळी हाकेची वेळ नव्हती. चुलीसुद्धा पेटल्या नव्हत्या. पहिल्या दोन हाका मी मारल्याच नाहीत. रस्त्यावर गाडीवान होता, त्याचे बैल होते आणि तू होतास. ती तिसरी हाक समजणारा त्या वेळी तू एकटाच होतास.

एवढे सांगायला हे पत्र. पण ज्यावरून आपले बिनसले तेही मनात आहे, ते झाकून काय उपयोग? मी म्हणालो, "भात वाढायला बी.कॉम. कशाला?" तू म्हणालास, "म्हणूनच मला भात वाढायचा नाही." दोघेही बोलून बसलो. आता विजयादशमी येईल. छत्राची पितळी पळी आजोबांनी वडिलांना दिली, वडिलांनी मला दिली, आणि देणाऱ्याने पन्नाशीच्या आत द्यावी अशी रीत आहे. येत्या माघात मला पन्नास पुरी होतात. घरचा कोणी घेणारा नसला तर छत्राचे पंच बाहेरचा कारभारी नेमतील. राहते घर छत्राचे आहे, तेही मग सोडावे लागेल. तुला भीती घालत नाही. तू मुंबईला व्यवहार शिकायला गेला आहेस, तर घरचा व्यवहारही माहीत असावा.

तुला बाळबोध अक्षर वाचायला वेळ लागतो म्हणून मोठे लिहिले आहे. सावकाश वाच.

अप्पा


श्रावण वद्य तृतीया

चिदंबरा,

माझ्या पत्राचे उत्तर आले नाही. कमलाक्षीला मात्र दोन आली. ती तमिळ अक्षरांत मराठी लिहिलेली तुझी पत्रे मी तिच्या खांद्यावरून वाचतो. ती म्हणते, "अप्पा, पत्र माझं आहे." मी म्हणतो, "मी कुठे नाही म्हटलं?" आणि वाचतो.

तुझ्या बोलण्याला वर्गातली मुले हसतात असे लिहिले आहेस. एकाने विचारले, मद्रासी असून तुला मराठी कशी येते? तू सांगितलेस की आमच्या घरी अडीचशे वर्षे हेच बोलतात, तुमच्या घरी कधीपासून बोलतात? हे वाचून तुझी आई इतकी हसली की चुलीवरचे दूध उतू गेले. तू राहतोस त्या मामांच्या घरी रसम करत नाहीत आणि आमटीत गूळ घालतात, हे वाचून मात्र हसली नाही. मिरे-जिऱ्याची पूड दळून ठेवली आहे. तिकडे जाणारे कोणी भेटले की पाठवते.

तुझ्या मास्तरांचे वर्णन वाचले. कोट घालून येतात, पहिल्या दिवशी फळ्यावर काही न लिहिता मुलांना विचारत सुटले की तुमच्या घरी सकाळी सगळ्यांत आधी कोण उठते आणि का. अर्धी मुले म्हणाली, आई. मास्तर म्हणाले, इथून आपला विषय सुरू होतो. मला वाटले होते तिथे नुसते आकडे शिकवतात. हा माणूस बरा दिसतो.

वैद्यनाथ अय्यर येऊन गेले. पंचांत त्यांचाच शब्द मोठा, ते तुला माहीत आहे. दाराबाहेर तिण्णैच्या ओट्यावर बसून ताक प्याले. तुझी चौकशी केली. मी सांगितले, मुलगा ठीक आहे.

दसऱ्याला कॉलेजला सुट्टी असते का? असली तर ये. तुझी आई वाट पाहते.

अप्पा


भाद्रपद शुद्ध अष्टमी

चिदंबरा,

तुझे पत्र माझ्या नावाने आले. पाकिटावर बाळबोध अक्षरात माझे नाव तूच लिहिलेले दिसते, 'बाळकृष्णराव'मधला कृ तू पुन्हा गिरवला आहेस. पोस्टमनने दिले तेव्हा मी लगेच उघडले नाही. संध्या केली आणि मग उघडले.

नमस्कारानंतर दुसऱ्याच ओळीत प्रश्न! असो, आपला बाप-लेकांचा तोच स्वभाव. तुमच्या मास्तरांनी प्रत्येकाला पाहण्यातली एक संस्था घेऊन निबंध लिहायला सांगितला आहे: तेथे ठरवतो कोण, करतो कोण आणि बिघडले तर जबाब देतो कोण. बाकीच्यांनी गिरण्या आणि पेढ्या घेतल्या. तू आपले छत्र घेतलेस. वर्ग हसला का ते तू लिहिले नाहीस, म्हणजे हसला असणार. तरी घेतलेस. बरे वाटले.

आता उत्तर.

पहाटे किती तांदूळ काढायचा ते मी ठरवतो. म्हणजे मी कोठीच्या दारात उभा असतो. कमलाक्षी तिण्णैवर झोपलेल्या वाटसरूंकडे एक फेरी मारून येते. कोण पहाटेच्या गाडीने पुढे जाणार, कोण रात्री लाजून कमी जेवला, कोणाबरोबर लहान मूल आहे, ते बघते आणि येऊन म्हणते, "अप्पा, आज एक माप जास्त." मी म्हणतो, "बरं." हे ठरवणे झाले.

भाजी आपला आचारी रामस्वामी आणतो. कोणती आणायची हे मी सांगतो. थांब, हेही तीच सांगते. उपासाच्या दिवशी मी सांगतो.

रामस्वामी आणि पाणी भरणारा भांडले की मी मिटवतो. मागच्या वेळी मात्र मी तिरुवैयारुला गेलो होतो. त्याच्या आधीच्या वेळी मी पूजेत होतो, बाहेर आलो तर दोघे एका केळीच्या पानावर सुपारी घेऊन बसलेले.

हे असे लिहिता लिहिता मला वाटले की आपण खोटे तर लिहीत नाही? तुला त्यावर गुण मिळायचे आहेत. म्हणून उठून स्वयंपाकघरात गेलो आणि विचारले, "रामस्वामी, या छत्रात ठरवतो कोण?"

तो डाळ घोटत होता. मान वर न करता म्हणाला, "तुम्हीच, रायर. कमलाक्षीअम्मा सांगतात ते सगळं तुम्हीच ठरवता."

पाणी भरणारा हसला. मलाही हसू आले. परत येऊन लेखणी हातात घेतली. नऊ वर्षांपूर्वी तुझी अक्का कुंकू पुसून या घरी परत आली. तेव्हा मी तुझ्या आईला म्हणालो होतो, छत्राला तिचे दोन घास जड नाहीत. इतकी वर्षे मी समजत होतो की मी तिला सांभाळतो आहे.

तर निबंधात असे लिही: बिघडले तर पंचांना जबाब मी देतो, आणि दुपारची हाक मी मारतो. ही दोन कामे माझी. बाकीचे तुला कळले असेलच.

कमलाक्षी समोरच केळीची पाने पुसत बसली आहे. विचारते आहे, "एवढं काय लिहिताय?" मी म्हणालो, "चिदंबरचा अभ्यास."

अप्पा


भाद्रपद वद्य दशमी

चिदंबरा,

अक्षर हलते आहे, कारण ताप कालच उतरला. काळजीचे काही नाही. आईने काढा दिला आणि वैद्यांनीही तोच दिला.

आधी एक गोष्ट सरळ करतो. दसऱ्याला ये, आई वाट पाहते, असे मी लिहिले होते. आई वाट पाहतेच. पण ते लिहिले दुसऱ्याच कारणाने. वैद्यनाथ अय्यर आले तेव्हा मी त्यांना सांगून बसलो होतो की दसऱ्याला मुलगा येईल आणि पळी घेईल. तुला न विचारता सांगितले. वाटले, एकदा सगळ्यांसमोर पळी पुढे केली की तुला नाही म्हणता येणार नाही. तुझ्या आईला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "अहो, वाटसरूलासुद्धा आपण 'येता का' म्हणून विचारतो. पोराला धरून आणायचं?" तेव्हा पळी घ्यायला येऊ नकोस. नुसता यायचा असलास तर घर तुझे आहे. पण पुस्तक सोडून येऊ नकोस.

आता जे घडले ते. मला ताप भरला होता त्या दुपारी पंगत उठली आणि मला हाकेची आठवण झाली. उठता येईना. मी रामस्वामीला म्हणालो, तू मार. तो म्हणाला, "मी चुलीचा माणूस, रायर. हाक कारभाऱ्याची." तुझी आई म्हणाली, एक दिवस राहू दे. मी डोळे मिटून पडलो. तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली. तमिळमध्ये एक, मग दुसरी. आवाज बाईचा. मग तिसरी, आपल्या बोलीत: "जेवायचे कोणी राहिले आहे का? या!" कमलाक्षी होती.

रामस्वामी मागून म्हणालेला ऐकू आला, "रायरांची हाक चिंचेपर्यंत जाते. ही तर नदीपलीकडे गेली. उद्यापासून तांदूळ जास्त लागणार."

थोड्या वेळाने आतल्या ओसरीत पान मांडल्याचा आवाज झाला. मला वाटले, बाईचा आवाज ऐकून कोणी गंमत बघायला आले. तुझी आई येऊन सांगते तर देवळामागच्या गल्लीतल्या ताराबाई. पांढरे लुगडे नेसून काठी टेकत जाताना तूही त्यांना पाहिले असशील. मुलगा नोकरीला रंगूनला गेला तो परतला नाही, एकट्याच राहतात. आपल्याच लोकांतल्या. त्या जेवायला आल्या होत्या.

कमलाक्षीने विचारले, "आजी, इतकी वर्षं इतक्या जवळ राहता, कधी आला नाहीत?"

त्या म्हणाल्या, "हाक रोज ऐकते गं. तिसरी ऐकली की कळतं, आपल्यालाच बोलावतात. पण रस्त्यावर उभं राहून पुरुषानं हाक मारावी आणि घरंदाज बाईनं उठून जावं, हे कसं करायचं? आज तू बोलावलंस."

मी पलंगावर पडून हे ऐकत होतो. मी म्हणत होतो, तिसरी ऐकून कोणी येत नाही. ऐकणारे माणूस भिंतीपलीकडे बसले होते.

काल बरे वाटले तेव्हा मीच रस्त्यावर गेलो. तिन्ही हाका मारल्या. मुद्दाम जास्त वेळ थांबलो. ताराबाई आल्या नाहीत. आत येऊन कमलाक्षीला म्हणालो, त्यांचे जेवण घरी नेऊन दे. तिने आधीच नेले होते.

पुढे काय करायचे ते अजून उमगलेले नाही. देवासमोर बसतो. आपल्या देव्हाऱ्यातली देवी हसरी आहे, एवढेच रोज दिसते.

अप्पा


विजयादशमी, संध्याकाळ

चिदंबरा,

तुझे पत्र वेळेवर पोचले. तुझ्या निबंधाला मास्तरांनी बरा शेरा दिला आणि खाली एक प्रश्न लिहून परत केला, असे तू कळवलेस: मग ती बाई कारभारी का नाही? तू लिहितोस, 'अप्पा, मला उत्तर देता आले नाही. तुम्हाला येते का?'

मलाही येत नव्हते. शोधत बसलो. सापडले ते एवढेच की आजवर तसे झालेले नाही. हे मास्तरांना सांगण्याजोगे उत्तर नव्हे. देवापुढे म्हणून पाहिले, तिथेही ते शोभेना. मग कमलाक्षीला विचारले, "घेशील?" ती म्हणाली, "चिदंबर काय म्हणेल?" मी तुझे पत्र तिच्या हातात दिले. तिने वाचले आणि पदराने तोंड पुसून कोठीत निघून गेली. जाताना म्हणाली, "उद्याची केळीची पाने कमी पडतील, अप्पा. माणूस पाठवायला हवा." मी तो होकार धरला.

आज सकाळी सरस्वतीपुढे तुझी जुनी पुस्तके मांडली होती, त्यांच्याशेजारी पळी. पंच आले. वैद्यनाथ अय्यरांनी इकडेतिकडे पाहिले.

"मुलगा कुठे, रायर?"

"मुंबईस. त्याची परीक्षा जवळ आली आहे. मी तुम्हाला सांगितले ते त्याला न विचारता सांगितले होते."

"मग पळी कोणाला?"

"कमलाक्षीला."

ते हसले. मी हसत नाही असे पाहून थांबले. "रायर, नवरा गेलेली बाई रस्त्यावर उभी राहून हाका मारणार? धर्माच्या जागेत?"

"हे छत्र बाईसाहेबांनीही नवरा गेल्यावरच बांधले."

"त्या राजघराण्यातल्या."

"वाढताना त्यांनी जेवणाऱ्यांना घराणे विचारले नव्हते म्हणून तर छत्र चालले." आवाज चढला होता, तो मी खाली आणला. "पंच मोठे. नको म्हणालात तर मी घर रिकामे करून देईन. एवढेच मागतो की दुपारची हाक होईपर्यंत थांबा."

ते थांबले. सणाच्या पायसाचा वासही सुटला होता, म्हणून थांबले असतील. तुझ्या आईने मला बाजूला घेऊन विचारले, "घर सोडायचं झालं तर कुठे जायचं?" मी म्हणालो, "माहीत नाही." ती म्हणाली, "बरं," आणि वाढायला गेली. लग्नापासून तिच्या तोंडून इतके धीराचे बरं मी ऐकले नव्हते.

पंगत उठली. कमलाक्षी रस्त्यावर गेली. मी तिण्णैवर अय्यरांशेजारी उभा राहिलो. ते विडा लावत होते. पहिल्या हाकेला दोन गाडीवान आले. दुसरीला यात्रेची माणसे आली, ओरत्तनाडुकडून चालत आलेली. तिसरी हाक झाली. माझे लक्ष गल्लीच्या तोंडाकडे होते. कोणी दिसेना. अय्यरांनी विडा तोंडात टाकला. मग काठीचा आवाज आला. ताराबाई होत्या, आणि त्यांच्या मागे आणखी दोन बायका, त्यांच्याच वयाच्या, पदर पुढे ओढलेल्या.

अय्यर म्हणाले, "या कोण? कुठून आल्या?"

ताराबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "वैद्यनाथा, तुझ्या वडिलांच्या लग्नात मी रांगोळी घातली होती. कुठूनही आले नाही. इथेच होते." आणि आत गेल्या.

अय्यरांनी विडा संपवला. मग म्हणाले, "पुढच्या विजयादशमीपर्यंत. एक वर्ष पाहू. मग पंच ठरवतील." दुसरे पंच काही बोलणार होते, अय्यरांनी हात वर केला. त्यांना पूर्ण पटले आहे असे मी समजत नाही. पण एक वर्ष दिले. म्हणजे तुझ्याप्रमाणे तुझ्या अक्काचेही हे पहिले वर्ष आहे. दोघांनी मन लावून करा.

सुट्टीत येऊन परत निघशील तेव्हा चिंचेच्या झाडापाशी तुला तिचीच हाक ऐकू येईल. त्या वेळी मागे वळून पाहा.

मी आत जाऊन पूजेतली पळी उचलली. हाताला थोडी जड लागली. ओसरीत तिघी पानावर बसल्या होत्या, अंगणात गाडीवान आणि यात्रेकरू. सगळ्यांसमोर ती कमलाक्षीच्या हातात दिली. तिने नमस्कार केला, पदर खोचला आणि भाताच्या भांड्याकडे वळली. मग थांबून म्हणाली, "अप्पा, तुम्ही का उभे?"

रोज या वेळी मी उभाच असतो, बाळा. कारभारी शेवटी जेवतो. क्षणभर मला कुठे जावे ते कळेना. मग अंगणात गाडीवानाशेजारी एक पान रिकामे दिसले.

"हाक मारलीस ना?" मी म्हणालो. "मग वाढ." आणि जाऊन त्या पानावर बसलो.

अप्पा